कुणाचा डबा, केव्हाचा

लक्ष्मणराव बोंगाळ्यांचा रविवारचा फोन त्या दिवशी एक मिनिट बेचाळीस सेकंदांत आटोपला. त्यातलंही पहिलं अर्धं मिनिट 'आवाज येतोय का' आणि 'दिसतोय का' यात गेलं. फोन संपला की किती वेळ बोलणं झालं ते पडद्यावर दिसतं. ही सोय ज्यानं केली त्याला एकट्या माणसाची कल्पना नसावी, असं लक्ष्मणरावांचं मत होतं. मागच्या रविवारी दोन मिनिटं सात सेकंद झाले होते. त्याच्या आधीच्या रविवारी तीन मिनिटं भरली होती, पण त्यातला बराच वेळ मुलगा अनिकेत फोन हातात धरून नातीला घरभर हुडकत होता.

अनिकेत टोरांटोला, आणि नात आरुषी आठ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं असं तिची आई सांगायची, पण पोरगी बोलायची ती इंग्रजीच. लक्ष्मणरावांच्या पदरी इंग्रजीतली तीन वाक्यं होती. हाऊ आर यू, डिड यू ईट आणि स्टडी वेल. ती संपली की आजोबा आणि नात एकमेकांकडं नुसते बघत बसायचे. त्या दिवशी आरुषीनं मान मागं वळवली आणि बापाला सांगितलं, "आजोबा आस्क्स द सेम थिंग एव्हरी टाइम." बाकीचं निसटलं तरी 'सेम' हा शब्द लक्ष्मणरावांना नेमका लागला. कोप्पीकर रोडवर चाळीस वर्षं त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. 'सेम कलर द्या' या तीन शब्दांवर त्यांचा अख्खा संसार झाला होता.

आता दुकान पुतण्या बघत होता. इंदुमतीला जाऊन चौदा महिने झाले होते. उणकलच्या आठ बिऱ्हाडांच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर लक्ष्मणराव एकटे राहत. गॅलरीतून दोन नव्या इमारतींच्या फटीतून तळ्याचं पाणी दिसायचं, पट्टीएवढं. दिवसातून चारदा ते तिथं जाऊन उभे राहायचे आणि पाणी आहे त्या जागी आहे हे बघून आत यायचे.

सोमवारी ते मोठ्या रस्त्यावर, मेडिकलच्या दुकानावर चालणाऱ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाऊन बसले. तिथं बाकी सगळे इंटरव्ह्यूला निघालेले. शिकवणाऱ्या शीतल मॅडम सव्वीस वर्षांच्या. इंग्लिश कशासाठी पाहिजे, असं त्यांनी विचारलं तेव्हा लक्ष्मणरावांनी सरळ सांगितलं, "फोन पाच मिनिटं चालला पाहिजे." मॅडमनी ते त्यांच्या फॉर्मवर 'उद्देश' या रकान्यात तसंच लिहून घेतलं.

शीतल मॅडम व्याकरणाच्या वाटेला जात नसत. त्यांच्याकडं एक साचा होता. घरातली कुठलीही वस्तू घ्यायची, ती कुणाची ते आधी सांगायचं आणि केव्हाची ते पुढं जोडायचं. माय फादर्स सायकल व्हेन आय वॉज टेन. माय सिस्टर्स बँगल्स बिफोर शी गॉट मॅरीड. अशी रोज दहा वाक्यं लिहून आणायची. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं 'ही सायकल' म्हटलं तर समोरचा हं म्हणून गप्प बसतो. पण कुणाची आणि केव्हाची हे कळलं की तो आपसूक विचारतो, मग? आणि एकदा 'मग' आलं की फोन लांबतो.

लक्ष्मणरावांना हे पटलं. पुढच्या दिवशी त्यांनी दहा वाक्यं लिहून नेली. माय वाइफ्स चष्मा बिफोर शी डाइड. माय वाइफ्स चेअर बिफोर शी डाइड. माय वाइफ्स चप्पल बिफोर शी डाइड. दहाही वाक्यं तिथंच जाऊन थांबत होती. मॅडमचं पेन चौथ्या वाक्यानंतर मंदावलं. त्यांनी चुका न दाखवता खाली एकच बरोबरची खूण केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अंकल, उद्या दुसऱ्या कुणाच्या वस्तू बघा ना."

दुसऱ्या कुणाच्या वस्तू आपल्या घरात कुठून येणार, असा विचार करत ते घरी आले. मग त्यांनी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं, आणि तिथं दुसऱ्यांच्या सत्तावीस वस्तू ओळीनं उभ्या होत्या.

इंदुमती गेली त्या दिवशी घरात चूल पेटवायची नव्हती, तेव्हा पिठलं-भात शेजारून आला. पुढं तेरा दिवस कुणी ना कुणी डबा आणत राहिलं. नंतर सणावारी आणत राहिलं. पंचमीच्या उंड्या म्हणजे लाडू, होळीची होळगी म्हणजे पुरणपोळी, चतुर्थीचे मोदक. लक्ष्मणराव खायचे. शेजारणींच्या हाताला चव होती. मीठ तेवढं जरा जास्त, असं त्यांना वाटायचं; पण एक्केचाळीस वर्षं इंदुमतीच्या हातचं खाल्लेल्या जिभेला दुसरं काय रुचणार, अशी ते स्वतःची समजूत घालायचे. मग भांडं घासून, पुसून कपाटात ठेवायचे, आणि इथं घोडं अडायचं. कारण शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. इंदुमती त्यात काहीतरी घालायचीच, अगदीच काही नसलं तर मूठभर साखर. लक्ष्मणरावांना चहा आणि भात यापलीकडं काही येत नव्हतं. होळगीच्या डब्यातून साखर परत पाठवायची म्हणजे त्यांना ओशाळवाणं वाटे. आज नको, उद्या बघू, असं करता करता महिने गेले. सहा महिन्यांपूर्वीचा डबा घेऊन कुणाच्या दारात उभं राहणं तर त्याहून अवघड झालं. मग ते जिन्यात कुणी नाही असं बघून बाहेर पडू लागले.

दसऱ्यानंतर डबे येईनासे झाले. यंदा भोगीची भाजीसुद्धा कुणी आणली नाही. लोक विसरले, असा त्यांनी अर्थ काढला. विसरणारच, त्यांचं काय चुकलं, असंही ते स्वतःला सांगत आणि गॅलरीत जाऊन तळं बघून येत.

पण आता दहा वाक्यं पाहिजे होती. त्यांनी भांडी खाली काढली. आपल्याकडं भांड्यावर नाव घालून घेतात, दुकानदार टिर्रर्र करत मशीननं कोरून देतो. त्यामुळं कुणाचं हा प्रश्न परस्पर मिटला होता. एका खोल डब्यावर 'गोदावरी', एका परातीवर कन्नडमध्ये 'लक्कव्वा', एका कडीच्या डब्यावर 'मनीषा'. तिघी याच अपार्टमेंटमधल्या. गोदाक्का समोरच्या दारातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण. लक्कव्वा पहिल्या मजल्यावर, घरी कन्नड आणि भांडायला मराठी. मनीषा खालच्या मजल्यावरची, बँकेत नोकरीला. बहुतेक भांडी या तीन घरांचीच होती. कुठलं भांडं कुणी आणलं होतं ते काही लक्ष्मणरावांना आठवत नव्हतं. त्या दिवसांत त्यांनी आणणाऱ्याच्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं. पण नावं होती, आणि चाळीस वर्षं चिठ्ठी बघून माल लावायची सवय होती.

वाक्यं लिहिता लिहिता त्यांना लाज वाटायला लागली आणि बरंही वाटायला लागलं. भांडी सगळी परत द्यायची, एकाच दिवशी. म्हणजे रविवारी आरुषीला सांगायला काहीतरी होईल. प्रश्न आत काय घालायचं एवढाच होता. शुक्रवारी ते 'चिगरी' नावाची सरकारी बस पकडून धारवाडला गेले आणि सुभाष रोडवरून पेढे घेऊन आले. शनिवारी सकाळी प्रत्येक भांड्यात चार-चार पेढे ठेवले, वर वाक्याची चिठ्ठी चिकटवली आणि नावाप्रमाणे एकेका दारात नेऊन ठेवली. गोदावरीज डब्बा व्हेन माय वाइफ डाइड. लक्कव्वाज परात व्हेन माय वाइफ डाइड. बेल वाजवायचा धीर मात्र झाला नाही. दार उघडलं तर इतक्या महिन्यांचं काय बोलायचं? ठेवून ते पळत वर आले, दार लावलं आणि खुर्चीत बसून धन्यवादाची वाट बघू लागले.

भांड्यांवर नावं असतात, पण ती देणाऱ्याची असतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच नव्हती. लग्नाला, बारशाला, घरभरणीला माणूस भांडं देतो ते स्वतःचं नाव घालून. ते देणंघेणं सगळं इंदुमती बघायची. लक्ष्मणराव फक्त जेवणाच्या पंगतीला जायचे.

अर्ध्या तासानं जिन्यात आवाज सुरू झाला. लक्ष्मणरावांना पहिल्यांदा आनंद झाला. कितीतरी दिवसांनी अपार्टमेंट बोलत होतं. मग आवाज चढला तसे ते दाराला कान लावून उभे राहिले.

झालं होतं ते असं. गोदाक्कांनी दार उघडलं तर उंबऱ्यात त्यांनी लक्कव्वाच्या मुलीच्या लग्नात दिलेला खोल डबा. आहेर आठ वर्षांनी परत केला, तोही दारात टाकून, म्हणून त्या तरातरा खाली गेल्या. तो जेवण घालून वर कधी गेला हे लक्कव्वा विसरली होती, वर्षभर तो सापडत नव्हता, तेव्हा ती म्हणाली, की म्हणजे हा इतके दिवस तुमच्याकडं होता आणि मी आपल्या सुनेवर संशय घेत बसले. तेवढ्यात मनीषा वर आली. लक्कव्वानं तिच्या बाळाच्या बारशाला दिलेली परात आता लक्कव्वाच्याच दारात तिला दिसली, आणि दिलेलं मागं घेतात का, असं तिनं फार सभ्य शब्दांत विचारलं. त्याच वेळी मनीषाच्या दारात जो कडीचा डबा होता तो तिनं गोदाक्कांच्या निरोपसमारंभाला दिलेला. म्हणजे तिघींनी तिघींचे आहेर परत केले होते, आणि तिघींपैकी एकीनंही केले नव्हते. त्यात पुन्हा पेढे. पेढे आनंदाच्या बातमीचे. कुणाच्या घरी काय आनंद झाला आणि तो आपल्यापासून का लपवला, हे प्रत्येकीनं दोघींना विचारून घेतलं.

मग मनीषाचं लक्ष चिठ्ठीकडं गेलं. तिनं ती मोठ्यानं वाचली आणि अर्थ सांगितला. बायको वारली, असं इंग्लिशमध्ये लिहून पेढे वाटणारा माणूस अपार्टमेंटमध्ये एकच असू शकत होता. मग एकेकीला आठवायला लागलं. ते हल्ली रोज दाढी करतात. संध्याकाळी पाच वाजता वही घेऊन बाहेर पडतात. कुणाला तोंड दाखवत नाहीत. परवा मेडिकलच्या जिन्यावर एका तरुण बाईशी बोलताना दिसले होते. पेढे कशाचे हे आता सगळ्यांना कळलं.

बेल वाजली. लक्ष्मणरावांनी दार उघडलं तर तिघी ओळीनं उभ्या. गोदाक्कांच्या हातात चिठ्ठी होती, पण विषय काढला लक्कव्वानं.

"अण्णा, हे इंग्लिश, हे पेढे, कुणासाठी चाललंय सगळं?"

"पोरीसाठी," लक्ष्मणराव म्हणाले.

"कुठली पोरगी?"

"टोरांटोची."

लक्कव्वानं एकदा गोदाक्कांकडं बघितलं. "वय काय तिचं?"

"पुढच्या महिन्यात नऊ पुरी होतील."

आठ वर्षांच्या पोरीची भानगड उलगडायला थोडा वेळ गेला. लक्ष्मणरावांनी एक मिनिट बेचाळीस सेकंद सांगितले, 'सेम' सांगितलं, शीतल मॅडमचा साचा सांगितला आणि शेवटी कपाटाचं दार उघडून दाखवलं. तिथं नावावरून दार न सापडलेली चार भांडी अजून उभी होती. गदगच्या कुणा हूगारांचं एक पातेलं होतं, ते परत द्यायला गदगला जावं की काय, या विचारात ते होते. गोदाक्का कपाटाकडं बघत राहिल्या.

"आम्हाला वाटलं तुम्हाला आमचं जेवण आवडत न्हाई," त्या म्हणाल्या. "भांडं परत येईना, म्हणजे माणसाला नको असतंय. मग आम्ही थांबलो."

"आणि पाठवायचं तर कशात?" लक्कव्वा म्हणाली. "डबं हाय कुठं घरात? सगळं हितं. भोगीला भाजी केली, शेजारी द्यायला एक भांडं न्हाई री. स्वतः बसून खाल्ली."

दसऱ्यापासून ते समजत होते की लोक त्यांना विसरले, आणि लोक समजत होते की त्यांना लोक नकोत. मधे नुसती भांडी उभी होती. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि चहा टाकला, तो त्यांना येत होता.

वाटलेली सगळी भांडी परत वर आणून हॉलमध्ये मांडली गेली. मग वाटणी सुरू झाली. हा डबा गोदाक्कांचा लग्नाआधी, लक्कव्वाचा लग्नानंतर. ही परात लक्कव्वाची बारशापर्यंत, मनीषाची तिथून पुढं. गदगच्या हूगारांचं पातेलं मनीषाच्या सासूच्या मावशीचं निघालं, आणि त्या मावशीचं पुढं काय झालं ते सांगायला मनीषाला वीस मिनिटं लागली. एकीनं भांडं उचललं की दुसरी म्हणायची, थांब, ते तेव्हाचं नव्हे. लक्ष्मणराव वही घेऊन खुर्चीत बसले होते आणि मिळेल ते उतरून घेत होते. क्लासला महिनाभर पुरतील एवढी वाक्यं त्यांनी दोन तासांत जमवली. शीतल मॅडम काय शिकवतात ते या तिघींना कुणी न शिकवता येत होतं. हॉलमध्ये माणसांचा आवाज होता, कप कमी पडले होते, आणि त्यांना ती भांडी कधीच संपू नयेत असं वाटत होतं.

शेवटी सगळं मार्गी लागलं. तिघी उठल्या. दारात लक्कव्वा थांबली.

"अण्णा, एक डबा राहिला. उभट, जाड बुडाचा. इंदक्कानं माझ्या घरभरणीला दिलेला. ती गेली त्या दिवशी पिठलं-भात त्यातनंच आणला होता बगा मी."

"बघतो," लक्ष्मणराव म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

बघायचं काही नव्हतं. तो डबा ओट्यावर होता. त्यात तांदूळ होते. तो त्यांनी कधी कपाटात ठेवलाच नव्हता, कारण त्यावर 'सौ. इंदुमती ल. बोंगाळे' असं कोरलेलं होतं, आणि ज्यावर इंदुमतीचं नाव ते आपलं, अशी त्यांची समजूत होती. रोज सकाळी तांदूळ काढताना ते त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत. आता त्यांना वाटलं, न्हाई सापडला म्हणून सांगावं. लक्कव्वाकडं डबे काय थोडे होते? आणि हे एक नाव आपल्याकडं राहिलं तर कुणाचं काय जाणार होतं? संध्याकाळभर ते डबा मांडीवर घेऊन बसले. हॉल आता पहिल्यापेक्षा मोठा वाटत होता. कपाट रिकामं झालं होतं, त्याचं दार त्यांनी दोनदा उघडून बघितलं.

वही समोर होती. सवयीनं त्यांनी लिहिलं, माय वाइफ्स डब्बा. पुढं केव्हा ते लिहायला गेले आणि हात थांबला. इंदुमतीनं स्वतः नाव घालून, स्वतःच्या हातानं तो लक्कव्वाला दिला होता. तिनं दिलेलं आपण परत घेतलं, तर जिन्यात सकाळी झाला तोच प्रकार पुन्हा, आणि यावेळी खरा. तांदूळ त्यांनी पिशवीत ओतले.

आता प्रश्न नेहमीचाच, आत काय घालायचं. पेढे संपले होते. रविवारी दुपारी त्यांनी रवा काढला. उप्पीट त्यांनी कधी केलं नव्हतं, पण इंदुमती करायची तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दुकानातल्या गप्पा सांगायची त्यांची रीत होती. तिनं जे जे टाकलेलं त्यांनी पाहिलं होतं ते ते, त्याच क्रमानं टाकलं. मोहरी, मिरची, कांदा, रवा, उकळतं पाणी. थोड्या गुठळ्या झाल्या. चमचाभर तोंडात घातलं आणि ते तसेच उभे राहिले. चौदा महिन्यांत कुणाच्या घरची, कुठल्या हॉटेलची ही चव नव्हती. हुबेहूब तिचं उप्पीट होतं. आपल्याला हे जमलं यावर त्यांचा विश्वास बसेना. डबा भरून, झाकण लावून त्यांनी तो लक्कव्वाला नेऊन दिला, या खेपेस बेल वाजवून. तिनं नावाकडं बघितलं, डबा पदरानं पुसला आणि बरं केलंत म्हणाली.

सहा वाजता फोन आला. आरुषी समोर बसली होती, हातात दुधाचा कप. लक्ष्मणरावांनी डिड यू ईट विचारलं नाही. ते म्हणाले, "माय वाइफ्स डब्बा, व्हेन लक्कव्वा केम टू न्यू हाऊस."

आरुषीनं कप खाली ठेवला. "हू इज लक्कव्वा?"

मग लक्ष्मणराव सुरू झाले. वहीतली वाक्यं संपली तेव्हा त्यांनी नसलेली वाक्यं केली, इंग्लिश अडलं तिथं मराठी घातलं, आणि मराठी अडायचा तर प्रश्नच नव्हता. पेढे सांगितले. जिना सांगितला. आपलं दुसरं लग्न ठरलं असं शेजारणींना वाटल्याचं सांगितलं, तेव्हा आरुषी हसून खुर्चीतून घसरली आणि अनिकेत मागून येऊन उभा राहिला, तो तिथंच उभा राहिला. "अँड देन?" आरुषी विचारायची. "देन, आजोबा?" पोरीला मराठी खरंच सगळं समजत होतं. आजवर तिला समजण्यासारखं त्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

उप्पिटापर्यंत गोष्ट आली आणि बेल वाजली. दाराच्या जाळीतून लक्कव्वा दिसत होती, हातात तोच डबा.

"वेट," आरुषी म्हणाली, "सो हूज डब्बा इज इट नाऊ?"

"नाऊ लक्कव्वाज," लक्ष्मणराव उठता उठता म्हणाले. "आफ्टर टू मिनिट्स, माइन. रेस्ट नेक्स्ट संडे." आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा फोन त्यांनी बंद केला.

लक्कव्वानं डबा पुढं केला. तो गरम होता. रिकामा परत करायचा नसतो, तेव्हा तिनं त्यात झुणका घातला होता आणि वर भाकरी. पण ती द्यायची सोडून घुटमळत उभी राहिली.

"अण्णा, राग धरू नका. उप्पिटात मीठ न्हाई."

लक्ष्मणरावांचा चेहरा पडला. "पण मी चव बघितली की. इंदूच्या हातच्यासारखी तंतोतंत."

"तर. तंतोतंतच हाय," लक्कव्वा म्हणाली. "इंदक्काचा हात मिठाला आखडता, आणि उप्पिटात तर इसरायचीच. दरवेळी. आमच्याकडं डबा आला की आमी वरनं घालून खायचो, ती स्वतः लोणचं लावून खायची. तुमी कधी काय बोललासा न्हाई, म्हणून तिला वाटायचं तुमाला तसंच लागतंय."

लक्ष्मणरावांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि यातलं कुठलं आधी आलं ते त्यांना कळलं नाही. एक्केचाळीस वर्षं ते त्यालाच तिच्या हातची चव समजत होते. दाराला धरून ते बराच वेळ हसत राहिले, आणि लक्कव्वाही पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग त्यांनी तिला आत बोलावलं, भाकरी दोन ताटांत वाढली आणि उरलेलं उप्पीट मधे ठेवलं. लक्कव्वानं आपल्यापुरतं मीठ घालून घेतलं. लक्ष्मणरावांनी घातलं नाही.

सोमवारी क्लासमध्ये शीतल मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, की अंकल, फोन किती मिनिटं चालला? लक्ष्मणरावांना सांगता येईना. त्यांनी बघितलंच नव्हतं.